एक्केचाळीस सेकंद

“आप्पा, इतक्या वर्षांत असा कुणी झाला का, की जो तुमच्या हाताला लागला आणि तरी तुम्ही त्याला वर आणलं नाही?”

अभिदादानं हा प्रश्न विचारला तेव्हा मी कॅमेऱ्याच्या मागं जमिनीवर बसले होते. कानाला हेडफोन, मांडीवर आवाजाचा रेकॉर्डर. समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत सिदराम आप्पा भोई. सत्तरीचा माणूस, पण पंजे असे की चहाची कपबशी त्यांत बाहुलीच्या भातुकलीतली वाटावी. सांगलीपासून तासाभरावर, कृष्णेच्या वळणावर करंजघाट नावाचं गाव आहे, तिथलं हे घर. आप्पांनी उभ्या हयातीत तीनशेच्या वर बुडालेली माणसं नदीतून बाहेर काढली होती. आसपासच्या चाळीस गावांत कुणी बुडालं की आधी आप्पांना बोलावणं जायचं, मग पोलिसांना. ते कुणाकडून काही घेत नसत. लोक नारळ आणत, तोही नदीला जायचा. “बुडालेल्याला घरी पोचवायचं असतं,” एवढंच ते म्हणायचे. त्यांच्या सगळ्या जगण्याची इज्जत त्या एका वाक्यात होती.

प्रश्नाच्या आधी अर्धा तास आमची एक बारीकशी कुरबूर झाली होती. आप्पांची बायको हौसाक्का उंबऱ्यात बसून ज्वारी पाखडत होती. सुपाचा सर्र सर्र आवाज माझ्या हेडफोनात घुसत होता. मी अभिदादाला खूण केली. तो म्हणाला, “आक्का, तेवढं काम जरा नंतर केलंत तर?”

“न्हाय जमायचं,” आक्का म्हणाली. “माणूस पाण्यात असला की घरच्या बाईनं हात थांबवायचा नसतो. आमच्यात तसंच हाय.”

“पण आप्पा तर खुर्चीत बसलेत.”

“बोलनं पाण्याचंच चाललंय न्हवं?”

यावर अभिदादासुद्धा हसला. मी मात्र मनातल्या मनात चरफडत माइक आप्पांच्या गळ्याजवळ सरकवला.

आणि मग तो प्रश्न आला, आणि सूप थांबलं. मला आठवतं, मला बरं वाटलं होतं. आता आवाज स्वच्छ मिळेल, एवढाच माझा विचार. आप्पा काही बोलले नाहीत. नदीपलीकडं कुणाची तरी पाण्याची मोटर चालू होती. रेकॉर्डरवरचे आकडे पळत होते. बऱ्याच वेळानं सूप पुन्हा सुरू झालं, मी कपाळाला आठी घातली, आणि त्याच वेळी आप्पा बोलले.

“व्हय. म्याच सोडला त्येचा हात.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. तेवीस वर्षांपूर्वीचा पूर. पुरात अडकलेल्यांना आणायला नाव कमी पडली, म्हणून गुऱ्हाळातली गुळाची काहील पाण्यात घातली होती. आमच्याकडं पुरात काहिलीची होडी करतात, ते काही नवं नाही. त्या काहिलीत शेवटच्या फेरीला आप्पांसोबत दोघं होती, कुंभारांची सहा वर्षांची पोर आणि हौसाक्काचा धाकटा भाऊ भैरू. झाडाच्या बुंध्याला आपटून काहील उलटली. तिची कड भैरूच्या डोक्याला लागली. आप्पांच्या डाव्या काखेत पोर होती आणि उजव्या हातात बेशुद्ध भैरूचं मनगट. “पायानं किती मारणार? तिघंबी खाली निघालो,” आप्पा म्हणाले. “पोरीचं डोळं उघडं हुतं. मग सोडला.” गावाला आणि बायकोला त्यांनी सांगितलं होतं, भैरू सापडलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खालच्या बंधाऱ्याला लागला.

हे बोलून झालं तेव्हा आक्कानं आम्हाला भाकरी वाढली. जेवणं उरकली, सामान गाडीत भरलं, आणि निघताना अभिदादा माझ्या कानात म्हणाला, “अनुजा, सोनं मिळालं आज.”

अभिदादा म्हणजे अभिनंदन चौगुले. ‘काठाकाठानं’ नावाचं आमचं चॅनेल त्याचं, आणि मी त्याची एकुलती एक एडिटर. माणूस वाईट नाही, हे मी आजही म्हणेन. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. ऊस गाळला की रसाचा गूळ होतो, मळीचं खत होतं आणि चिपाडाचं जळण होतं. मग आपण मुलाखत घेतली तर एवढासा तुकडा तरी वाया का घालवायचा? त्यामुळं एका मुलाखतीची मी यूट्यूबसाठी आडवी, लांब फिल्म करायची. तिच्यातनं इन्स्टाग्रामसाठी नऊ उभ्या रील काढायच्या. त्याच रील नाव बदलून शॉर्ट्समध्ये टाकायच्या, फेसबुकसाठी चौकोनी तुकडे करायचे, आणि तीस सेकंदांचं एक स्टेटस व्हॉट्सअॅपवर सोडायचं. आधी रील सोडायच्या, लोकांची भूक वाढू द्यायची, आणि दहा दिवसांनी रविवारी पूर्ण मुलाखत. हे गणित माझंच होतं आणि मला त्याचा भारी अभिमान होता.

त्या गणितात शांततेला जागा नव्हती. लोकांचा अंगठा सतत वर सरकायला टपलेला असतो. म्हणून आमच्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती. अर्ध्या सेकंदापेक्षा लांब शांतता असेल तर ते स्वतःच कापून टाकायचं आणि पुढचं-मागचं जोडून द्यायचं. मी ते बटण दाबलं आणि चहा प्यायला गेले. परत आले तर सत्तर मिनिटांची मुलाखत बावन्न मिनिटांची झाली होती. मला काही वाटलं नाही. दर वेळी तसंच होतं.

रीलसाठी मी आप्पांचा चेहरा जवळ घेतला. अभिदादाचा प्रश्न, आणि लगेच उत्तर: व्हय, म्याच सोडला त्येचा हात. त्या ‘हात’वर मी तोडलं. पोरीचं काही ठेवलं नाही. खाली पाटी लावली, ‘मेहुण्याचा हात का सोडला? पूर्ण मुलाखत रविवारी.’ उत्सुकता ताणून धरायची म्हणजे इथंच तोडायला हवं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मला ते येतच होतं.

गुरुवारी रील टाकली. शनिवारी ती अठरा लाख लोकांनी पाहिली होती. दुसऱ्या पानांनी ती उचलली. कुणी तिच्यावर रडकं संगीत चढवलं, कुणी ‘असे असतात सोयरे’ अशी पाटी लावली, कुणी कोपऱ्यात हसणारं तोंड चिकटवलं. आम्ही जे मुलाखतीचं केलं, ते लोकांनी आमच्या रीलचं केलं. अभिदादानं पेढे आणले.

मंगळवारी दुपारी करंजघाटच्या पोलीस पाटलांचा फोन आला. मीच उचलला.

“मॅडम, ती क्लिप काढता येती का?”

“का हो? काय झालं?”

“पलीकडच्या गावात संपत म्हणून एकजण सकाळी नदीतली मोटर वर वडायला गेलता. पाणी वाढलंय. पाय घसरला, गेला. आमी आप्पांस्नी घिऊन गेलो. आप्पांनी धोतराचा काचा मारला, पाण्याला हात जोडलं. तवर संपतचा मेव्हणा म्होरं आला. हातात फोन. म्हनला, स्वतःच्या मेव्हण्याला सोडणाऱ्याच्या हातात आमचा माणूस द्यायचा न्हाय.”

“मग?”

“मग काय. आप्पा माघारी आलं.”

“कुणी समजावलं नाही त्याला?”

“समजावलं की. त्येनं फोनच पुढं केला. म्हनला, हे काय आमी बनवलंय? त्येच्या तोंडानं बोलतोय.”

शोधपथक लांबून यायचं होतं. ते दुसऱ्या दिवशी आलं आणि संपत तिसऱ्या दिवशी सापडला. बाहेर काढल्यावर त्याच्या बायकोला तोंड दाखवलं नाही, एवढं पाटलांनी नंतर सांगितलं. जीव मंगळवारी सकाळीच गेला होता, हे खरं. पण आप्पा उतरले असते तर संध्याकाळच्या आत माणूस घरी पोचला असता, आणि बायकोनं त्याचं तोंड पाहिलं असतं. हे मला तेव्हाही कुणी सांगायची गरज नव्हती. मला माझं कळत होतं.

“काढून टाकूया,” अभिदादा म्हणाला. “पण आपल्या चॅनेलवरची जाईल, लोकांकडची कुठं जातीय? रविवारी पूर्ण मुलाखत येऊ दे, सगळं निवळेल.”

“त्या मुलाखतीतसुद्धा ते तसेच बोलतात, दादा. प्रश्न, की लगेच उत्तर.”

“मग तेवढी शांतता परत घाल.”

घालायची कुठून? कॅमेऱ्याची कार्डं आमच्याकडं मोजकी. मुलाखत कॉम्प्युटरवर घेतली की कार्ड पुसायचं आणि पुढच्या कामाला लावायचं. आणि कॉम्प्युटरवर मी ठेवली होती ती कापलेली बावन्न मिनिटं. मूळ कार्डावर रविवारीच मिरजेचं एक लग्न चित्रित झालं होतं. ते लग्न मी दोनदा पाहिलं. आप्पा बसले होते त्या जागेवर कुणाच्या तरी मावशा फुगड्या घालत होत्या.

मग आवाजाचा रेकॉर्डर आठवला. त्याचं छोटं कार्ड पुसायचा मी नेहमी कंटाळा करायची, आणि अभिदादा त्यावरून मला बोलायचा. ते बॅगेत तसंच पडलं होतं.

गुरुवारी सकाळी स्कूटी काढून मी करंजघाटला गेले. आप्पा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. आक्का उंबऱ्यातच होती, पण हात रिकामे. मला बघून ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. या घरात मला शिव्या बसतील अशी तयारी मी वाटेत केली होती, आणि पाणी पिताना मला त्या शिव्यांची आठवण झाली. त्या बसल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

“आप्पा, माझं चुकलं,” मी म्हणाले. “अभिदादाचा दोष नाही त्यात. कापलं मी. पोरीचं बोललेलं मीच काढलं.”

त्यांनी ते ऐकल्यासारखं केलं नाही. बंडीच्या खिशातून फोन काढला. पुतण्यानं दिलेला, काच तडकलेला. रील लावली. स्वतःचंच वाक्य ऐकलं. पुन्हा लावली. पुन्हा ऐकलं.

“पोरी, एक इचारू?”

“विचारा ना.”

“त्या दिशी म्या जरा गप बसलो हुतो न्हवं?”

मी बॅग मांडीवर ओढून घेतली.

“का न्हवतो बसलो?” त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. “ह्यात तर त्यो इचारतोय, आन् म्या लगीच बोलतोय. सारखं बगून बगून मलाबी आता तसंच आठवाया लागलंय. तेवीस वरीस जे तोंडातनं निघालं न्हाय, ती हितं बसलीया, तिच्या म्होरं, म्या पानाला चुना लावावा तसं बोललो? असा कसा म्या?”

आक्का त्यांच्याकडं बघत नव्हती. ती अंगणाकडं बघत होती.

“लोकांचं सोड,” आप्पा म्हणाले. “संपतच्या माणसांचं बी सोड. मला फकस्त एवढं सांग. म्या थांबलो हुतो का न्हाय?”

माझ्या आयुष्यात मला कुणी इतका साधा प्रश्न विचारलेला नाही. मी बॅगेतून रेकॉर्डर काढला, त्याला छोटा स्पीकर जोडला आणि जागा शोधून ठेवली होती तिथून लावला.

अभिदादाचा आवाज आला. प्रश्न आला. तो येताना मागं सूप चाललं होतं, सर्र सर्र. प्रश्न संपला आणि सूप थांबलं.

आम्ही तिघं ओसरीवर बसून ती शांतता ऐकू लागलो. लांबची मोटर. एक कोंबडी. आप्पांचा श्वास, नाकातून, जड. मध्येच कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या, एकदाच. सॉफ्टवेअरला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. त्याच्या हिशेबी तिथं काहीच नव्हतं, आणि हेडफोन लावून बसलेल्या माझ्या हिशेबीही नव्हतं. आप्पा पुढं वाकले होते. तोंड किंचित उघडं, पाण्याखाली काही दिसतंय का ते बघणाऱ्या माणसासारखं. रेकॉर्डरवर आकडे पळत होते. वीस. तीस. पस्तीस.

एक्केचाळिसाव्या सेकंदाला सूप पुन्हा सुरू झालं. सर्र. सर्र. आणि लगेच आप्पांचा आवाज, “व्हय. म्याच सोडला त्येचा हात.”

मी बंद केलं.

“थांबलो हुतो,” आप्पा आक्काकडं वळून म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. “तुजं सूप थांबलं, तसा मी थांबलो. म्हटलं, आता हिनं हात थांबवला. आता मी वर येत न्हाय. मग तू परत पाखडाया लागलीस, तवा बोललो.”

“म्हंजी बोला म्हून तर लागले,” आक्का म्हणाली.

“तुला काय ठावं, म्या काय बोलणार हुतो ते?”

आक्का उठून त्यांच्याजवळ आली, खाली बसली, आणि त्यांचा उजवा पंजा उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला. तेवीस वर्षांचं बोलणं तिनं कुठं ठेवलं होतं कुणास ठाऊक. आवाज अगदी रोजच्यासारखा होता.

“भैरूला बंधाऱ्यावरनं आणून दारात निजवला, तवा म्या त्येचा हात हातात घेतला. मनगटावर चार बोटं उठली हुती. काळीनिळी. येवढाली.” तिनं आप्पांच्या बोटांवरून आपलं बोट फिरवलं. “ह्या गावात येवढा पंजा दुसऱ्या कुणाचा हाय?”

आप्पा तिच्याकडं बघतच राहिले. “तवापासनं ठावं हाय तुला?”

“तवापासनं.”

“आन् कदी बोलली न्हाईस?”

“काय बोलायचं त्यात?” आक्का म्हणाली. “धरल्याबिगर वळ उठत न्हाय.”

मला तिथं बसवेना. मी रेकॉर्डर तसाच ओसरीवर ठेवून अंगणात गेले आणि स्कूटीला टेकून रडले. आपण एका माणसाचं काय कापलं होतं, ते मला तेव्हा कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

रविवारी आम्ही पूर्ण मुलाखत टाकली. त्यात मी ती एक्केचाळीस सेकंदं परत घातली. चित्र नव्हतं, म्हणून नदीचा एक स्थिर फोटो ठेवला आणि त्यावर नुसता तो आवाज. अभिदादानं एका शब्दानं अडवलं नाही. किती लोकांनी कुठपर्यंत पाहिलं याचा आलेख आम्हाला रोज दिसायचा. त्या जागी तो कड्यावरून पडावा तसा खाली जायचा. फोटो आला, आवाज गेला असं वाटून लोक निघून जायचे. पोरीची हकिकत त्याच्या पुढं होती.

आप्पांना पुन्हा कुणी बोलावलं नाही. करंजघाटच्या लोकांनीसुद्धा नाही. त्यांचा विश्वास होता, पण बोलावलं तर पलीकडचे काय म्हणतील याची भीती जास्त होती. दोन वर्षांनी आप्पा गेले, अंथरुणात, झोपेत. मी गेले होते. आक्का उंबऱ्यात बसली होती आणि माणसं येत-जात असताना तिचे हात सुपावर चालूच होते. तिला थांब म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.

ते काम मी सोडलं. आता एका शाळेच्या कार्यालयात असते. पण ती रील मेली नाही. दर पावसाळ्यात कुठं तरी कुणी बुडतं आणि ती वर येते, कधी वेगळ्या गावाच्या नावानं, कधी वेगळ्या राज्याच्या. रात्री-अपरात्री नव्हे, भर दुपारी, भाजी निवडताना माझ्या फोनवर आप्पांचा आवाज येतो, आणि माझे हात थांबतात. मग मी हात मुद्दाम चालू ठेवते.

गेल्या महिन्यात माझ्या सख्ख्या आत्यानं ती घरच्या ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं होतं, ‘बघा, कलियुग. स्वतःच्या मेहुण्याला सोडला आणि किती सहज सांगतोय.’

ती एक्केचाळीस सेकंदं माझ्या फोनात अजून आहेत. तेवढीच तिला पाठवली.

पाच मिनिटांनी आत्याचं उत्तर आलं.

‘अगं अनू, यात आवाजच येत नाहीये. परत पाठव.’